दातांनी गाणे ऐकणारा एडिसन

रात्री जेवणखाण आटोपले की दिवा मंद करून, खुर्चीत टेकून, डोक्यावर मोठा हेडफोन चढवून तासभर गाणे ऐकणारे शौकीन आता मुंबई-पुण्यापुरते उरलेले नाहीत. बुलढाणा, खामगाव, मलकापुरातही ते आहेत. मोबाइलमधला आवाज त्यांना पुरत नाही. मग डॅक नावाची एक डबी येते, तिच्यापुढे छोटा अ‍ॅम्प्लिफायर, त्यापुढे जाळीदार पाठीचा हेडफोन. वायर बदलून पाहतात, कानावरच्या गाद्या बदलून पाहतात आणि तानपुऱ्याची जवारी कोणत्या जोडणीत अधिक खरी वाटते यावर मित्राशी वाद घालतात. या दुनियेत अलीकडे एक वेगळाच प्रकार आला आहे. त्यात कानात किंवा कानावर काहीच बसत नाही. दोन छोटी बटणे कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात आणि आवाज हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या काहींच्या डोक्यावर ती पट्टी आता दिसू लागली आहे.

युक्ती नवी वाटते, पण नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एक म्हातारा माणूस याच वाटेने संगीत ऐकत असे. त्याच्याकडे बटणे नव्हती. तो फोनोग्राफच्या लाकडात दात रोवायचा आणि तसाच वाकून तबकडी संपेपर्यंत ऐकायचा. त्याचे नाव थॉमस अल्वा एडिसन. शाळेच्या पुस्तकात तो विजेच्या दिव्याबरोबर येतो. पण आवाज साठवून ठेवून तो पुन्हा ऐकवणारे पहिले यंत्र बनवले ते त्यानेच. आज हेडफोन लावून बसणारा प्रत्येक जण त्या यंत्राचा वारस आहे, आणि ते बनवणारा जवळजवळ बहिरा होता.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, ओहायो राज्यातल्या मिलान या गावचा. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन या गावी गेले. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यानंतर कान पुन्हा पुन्हा सुजत आणि पिकत राहिले. शाळेत तो जेमतेम तीन महिने टिकला. मास्तरांना हे पोर डोक्याने गोंधळलेले वाटले. आईला राग आला, तिने त्याला शाळेतून काढले आणि घरीच शिकवले.

मास्तरांचे हे मत चरित्रकार गंमत म्हणून सांगतात. कानाच्या डॉक्टरला त्यात गंमत वाटत नाही. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही ते मूल वर्गात मंद, हट्टी किंवा लक्ष नसलेले दिसते. हाक मारली तर ओ देत नाही, सांगितलेले चुकीचे करते, टीव्ही मोठा करते. मास्तर रागावतात, आईवडील रागावतात आणि कान तपासायचे राहून जातात. एडिसनला घरी शिकवू शकणारी आई मिळाली. ती स्वतः पूर्वी शिक्षिका होती. असे नशीब फार थोड्यांचे.

बाराव्या वर्षी तो रेल्वेत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट हा त्याचा मार्ग शंभर किलोमीटरचा, म्हणजे साधारण आपल्याकडच्या शेगाव ते भुसावळ एवढा. सकाळी जायचे, रात्री परत यायचे. सामानाच्या डब्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडल्या होत्या. एक दिवस त्यातून आग लागली आणि चिडलेल्या गार्डने त्याच्या कानशिलात लगावली, तेव्हापासून तो बहिरा झाला, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत आली आहे. स्वतः एडिसनने पुढे वेगळीच हकीकत सांगितली. चालत्या गाडीत चढता येईना, तेव्हा एकाने त्याला दोन्ही कान धरून वर ओढले आणि आत काहीतरी तुटल्याचे त्याला जाणवले, अशी.

दोन्ही गोष्टी चटकदार आहेत, पण वैद्यकशास्त्राच्या कसोटीला पुऱ्या उतरत नाहीत. कानशिलात जोरात बसली तर पडदा फाटू शकतो, हे खरे. तसे रुग्ण सरकारी दवाखान्यात नेहमी येतात. पण असा फाटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, आणि मार सहसा एकाच कानाला लागतो. कानाची पाळी धरून ओढली तर पाळी दुखावेल. ऐकण्याचे यंत्र तिच्यापासून बरेच आत, हाडात बसवलेले असते. दोन्ही कानांचे ऐकणे वर्षानुवर्षे हळूहळू कमी होत जाणे याचा दोष लहानपणीच्या तापाकडे आणि न बऱ्या झालेल्या कानाकडे जातो. पिकणाऱ्या कानाची गोष्ट कोणी पाठ्यपुस्तकात घालत नाही, म्हणून गार्डची थप्पड टिकली.

कान का पिकतो, हे इथे थोडक्यात पाहायला हवे. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. मुलांमध्ये ती आखूड आणि आडवी असते. घशातला जंतुसंसर्ग तिच्यातून सहज वर चढतो. मधल्या कानात पू साठतो, पडदा फुगतो, फुटतो आणि कान वाहू लागतो. फुटल्यावर ठणका थांबतो, म्हणून घरच्यांना वाटते बरे झाले. एडिसनच्या लहानपणी यावर औषधच नव्हते. सल्फा गोळ्या १९३० च्या दशकात आल्या, पेनिसिलिन त्याहून नंतर. वाहणारा कान वाहतच राहायचा. मधल्या कानातल्या तीन चिमुकल्या हाडांची साखळी झिजायची किंवा चिकटून बसायची, आणि कधी पू कानामागच्या हाडात शिरायचा. एडिसनच्या बाबतीत तेही घडले. साठीच्या आसपास त्याच्या कानामागच्या हाडावर शस्त्रक्रिया करावी लागली.

आज औषध आहे, शस्त्रक्रियाही आहे, तरी आपल्याकडे लहान मुलांचे कान वाहतातच. कानात कोमट तेल, लसणाचे तेल, कोणी सांगितलेला पाला पिळून, असे उपाय आधी होतात आणि दवाखाना शेवटी. वाहणाऱ्या कानात काहीही ओतू नये. अंघोळीला कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये बुडवून कानाच्या तोंडाशी लावावा, विहिरीत किंवा तलावात पोहणे बंद ठेवावे आणि कान तपासून घ्यावा. पूला घाण वास येत असेल, चक्कर येत असेल किंवा कानामागे सूज असेल तर एक दिवसही थांबू नये. तो आजार हाड खातो.

पुढची काही वर्षे एडिसनने तारयंत्रावर काढली. एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळावरून ओढून वाचवले, त्याबद्दल बापाने त्याला तारेचे काम शिकवले. त्या खोल्यांत अनेक यंत्रांची एकदम कडकट्ट चालायची. एडिसनला फक्त जवळचे स्वतःचे यंत्र ऐकू यायचे, बाकीचा गोंगाट पोहोचतच नसे. याला तो आपला फायदाच मानायचा. गोंगाटात, विशेषतः धावत्या रेल्वेत, आपल्याला इतरांपेक्षा चांगले ऐकू येते असेही तो सांगायचा. हे विचित्र वाटेल, पण कानाच्या डॉक्टरांना हे लक्षण ओळखीचे आहे. गाडीच्या खडखडाटात सगळेच मोठ्याने बोलू लागतात. ज्याचा दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे त्याच्यापर्यंत खडखडाट क्षीण होऊन पोहोचतो आणि वाढवलेले बोलणे नेमके कानी पडते. ज्याची आतली नस कमजोर आहे त्याचे उलट होते. त्याला गोंगाटात काहीच उमगत नाही.

बहिरेपणाचे ठळक प्रकार असे दोन. एकात आवाज आत पोहोचवण्याच्या वाटेत अडथळा असतो, म्हणजे मळ, फाटलेला पडदा किंवा चिकटलेली हाडे. दुसऱ्यात वाट मोकळी असते, पण आतल्या शंखातल्या पेशी किंवा नस निकामी झालेली असते. हे ओळखण्याची साधी चाचणी जर्मन डॉक्टर रिने याने १८५५ मध्ये सांगितली. स्वरकाटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, मग कानासमोर धरायचा. निरोगी माणसाला समोर धरलेला जास्त ऐकू येतो. वाटेत अडथळा असेल तर हाडावर टेकवलेला जास्त ऐकू येतो, कारण कवटीच्या हाडातून आवाज थेट शंखापर्यंत जातो आणि मधल्या कानाला वळसा पडतो. आजही तालुक्याच्या दवाखान्यात ही चाचणी मिनिटभरात होते. वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला असल्याने दात हेही त्या हाडाचे एक दार आहे. एडिसन दातांनी ऐकायचा, म्हणजे ही चाचणी तो आयुष्यभर स्वतःवर करत होता. त्याचा बराचसा दोष मधल्या कानात होता आणि आतला शंख बऱ्यापैकी शाबूत होता, असा अंदाज त्यावरून बांधता येतो.

१८७६ साली एडिसनने न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क इथे प्रयोगशाळा उभी केली. त्याच वर्षी बेलचा टेलिफोन आला. त्यातला आवाज इतका बारीक होता की चांगल्या कानाच्या माणसालाही कष्ट पडायचे, एडिसनला तर काहीच कळेना. त्याने कोळशाची टिकली वापरून बोलण्याच्या बाजूचा भाग नव्याने बनवला आणि आवाज खणखणीत केला. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ जगातले टेलिफोन याच तत्त्वावर बोलत राहिले. या खटपटीत पडद्याची थरथर कानाला कळत नाही म्हणून त्याने पडद्याला सुई जोडली आणि टोचण्यावरून ती बोटाने जोखली. बोलण्याच्या जोराने सुई बोटाला टोचते, तर ती मऊ पत्र्यावर खूण का करणार नाही? फोनोग्राफचा विचार या वाटेने आला.

१८७७ च्या डिसेंबरात त्याचा कारागीर जॉन क्रूझी याने आराखड्यावरून यंत्र बनवले. कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला एक दंडगोल आणि तो फिरवायला हाताने चालणारी मूठ. एडिसनने मुलांच्या एका बडबडगीताचे शब्द त्यात म्हटले, सुई मागे नेली, मूठ फिरवली आणि यंत्र तेच शब्द बोलले. खोलीतली माणसे दचकली, आणि सर्वांत जास्त एडिसन. लगेच पेटंट आले, कीर्ती आली, अध्यक्षांपुढे प्रयोग झाला. आणि मग त्याने ते यंत्र दहा वर्षे बाजूला ठेवले. दिवा, डायनामो, वीजपुरवठा यांत तो गुंतला. त्या काळाबद्दल एवढे लिहिले गेले आहे की इथे थांबण्याची गरज नाही.

फोनोग्राफकडे तो परतला १८८७-८८ मध्ये, वेस्ट ऑरेंज इथल्या नव्या मोठ्या प्रयोगशाळेत. आता पत्र्याऐवजी मेणाचा दंडगोल होता. हे यंत्र कचेरीत पत्रे सांगून ठेवायला वापरावे अशी त्याची कल्पना होती. करमणुकीची वाट दुसऱ्यांनीच काढली. नोव्हेंबर १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात नाणे टाकून वाजणारा फोनोग्राफ बसवण्यात आला. त्याला कर्णा नव्हता. रबरी नळ्या होत्या, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या, दोन्ही कानांत घालायच्या. एका यंत्राला चार नळ्या, प्रत्येकीचे नाणे वेगळे. चार अनोळखी माणसे शेजारी उभी राहून कानात नळ्या घालून एकच गाणे ऐकत आहेत, हेडफोनचा इतिहास या दृश्यापासून सुरू होतो. त्याच नळ्या दिवसभर किती कानांत जात असतील याची कल्पना डॉक्टराने न केलेली बरी. आजही इअरबड एकमेकांना देताना कोणी विचार करत नाही. ज्याचा कान वाहतो किंवा खाजतो त्याचे इअरबड दुसऱ्याने घालू नयेत.

नळ्यांचा फायदा असा होता की त्या काळच्या क्षीण ध्वनिमुद्रणातला बारकावा त्यांतून कळायचा. तोटा असा की ऐकणे एकट्याचे व्हायचे. घराघरांत यंत्र जायचे तर सगळ्यांना एकत्र ऐकू यायला हवे होते. १८९६ मध्ये एडिसनने घरगुती फोनोग्राफ विकणारी कंपनी काढली. किल्लीने चालणारे यंत्र, वर कर्णा, दोन मिनिटांचे दंडगोल. तोवर एमिल बर्लिनर याने सपाट तबकडी आणली होती. तीच तबकडी १९०२ मध्ये कोलकात्याला पोहोचली, गौहर जानचे गाणे तिच्यावर उतरले, आणि पुढे आपल्याकडच्या वाड्यांत किल्लीचा फोनो आणि काळे तवे आले ते बर्लिनरच्या घराण्याचे.

एडिसनने दंडगोल सोडायला उशीर केला. १९१२ च्या सुमारास तो तबकडीवर आला, पण आपल्या पद्धतीने. त्याची तबकडी पाव इंच जाड, सुई हिऱ्याची, आणि चरीतली खूण आजूबाजूला नव्हे तर खालीवर. इतरांची तबकडी त्याच्या यंत्रावर वाजायची नाही, त्याची इतरांच्या यंत्रावर नाही. आवाज मात्र त्या काळातला सर्वांत स्वच्छ, हे त्याचे विरोधकही मानायचे. उत्तम लाकडी कपाटातल्या यंत्राची किंमत अडीचशे डॉलर होती, आणि त्या मॉडेलचे नावच सी-२५० होते. आजच्या शौकिनांना ही भाषा ओळखीची वाटेल.

कोणत्या गायकाचे गाणे भरायचे हे एडिसन स्वतः ठरवू लागला. साठी उलटलेला, जवळजवळ बहिरा माणूस एकामागून एक तबकडी लावतो, पेटीला किंवा पियानोला दात लावतो आणि वहीत शेरे लिहितो, असे त्याचे दिवस जात. इतरांच्या कानांना न जाणवणारी खरखर आपल्याला दातांतून कळते, कारण आपले कान गोंगाटापासून वाचलेले आहेत, असा त्याचा दावा होता. त्यात थोडे तथ्य असेलही. पण आवाजातले कंपन, म्हणजे पाश्चात्त्य गायक लांब सुरावर आणतात ती थरथर, त्याला मुळीच खपत नसे. त्या एका दोषावर त्याने नामवंत गायक नापास केले. हाडातून येणाऱ्या आवाजात सगळ्या पट्ट्या सारख्या येत नाहीत, आणि वयाबरोबर आतल्या शंखातल्या वरच्या पट्टीच्या पेशी आधी थकतात. त्याला ऐकू येणारे गाणे आणि गिऱ्हाइकाला ऐकू येणारे गाणे एकच असणे शक्य नव्हते. आपल्या कानाचा नकाशा हाच साऱ्या जगाचा नकाशा, असे त्याने धरले. हेडफोनच्या वादात हिरिरीने उतरणारे पुष्कळ जण आजही हेच धरून चालतात. पन्नाशीच्या आणि विशीच्या माणसाला एकाच हेडफोनमधून वेगवेगळे ऐकू येते, आणि त्यात हेडफोनचा दोष नसतो.

गायकाच्या नावाला किंमत देणेही त्याला पसंत नव्हते. लोक सूर विकत घेतात, नाव नाही, असे तो समजायचा. स्पर्धक व्हिक्टर कंपनीकडे करूझो होता आणि तिची जाहिरात त्याच्या नावावर चालायची. रशियन पियानोवादक रखमानिनॉफ १९१९ मध्ये एडिसनकडे वाजवून गेला आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टरकडे गेला. जॅझ एडिसनला आवडत नसे, म्हणून ते त्याच्या यादीत रडतखडत आले.

आपला आवाज खरा आहे हे पटवण्यासाठी कंपनीने १९१५ पासून गावोगाव जाहीर परीक्षा मांडल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. ती गाते, मध्येच ओठ मिटते, गाणे चालूच राहते. मग दिवे मालवतात आणि लागतात तेव्हा गायिका तिथे नसतेच. लोक थक्क व्हायचे. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला. त्यातली एक गायिका, अ‍ॅना केस, हिने पुढे सांगून टाकले की आपण आवाज मुद्दाम यंत्राइतका बेताचा ठेवत होतो. यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूस यंत्रासारखे गात होता.

ही युक्ती शौकिनांनी आणि त्याहून अधिक डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आवाजाची पातळी कानाला सहज फसवते. एकच गाणे दोन जोडण्यांवर लावले आणि एकीचा आवाज किंचित मोठा ठेवला, तर ती जोडणी अधिक स्वच्छ, अधिक भरदार वाटते. खालची पट्टी हळू आवाजात कानाला कमी जाणवते आणि मोठ्या आवाजात खुलते. दुकानात महागडा हेडफोन आवडतो त्यात बऱ्याचदा हाच खेळ असतो. आणि घरी आल्यावर तोच खुलाव मिळवायला बोट आवाजाच्या बटणाकडे जाते.

तिथून धोका सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ९५ ला सव्वा तास, ९८ ला आठवड्याभरात ४० मिनिटेही नाहीत. फोनची आवाजपट्टी शेवटापर्यंत ओढली तर बरेच हेडफोन शंभर डेसिबलच्या आसपास सहज पोहोचतात. वरात किंवा मिरवणुकीतल्या डीजेपुढे नाचणाऱ्याचा हिशेब तर काही मिनिटांत संपतो. प्रत्येक कानाच्या शंखात केसांसारख्या टोकांच्या पेशी सुमारे पंधरा हजार असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे झांजेची किणकिण आणि स, श, फ या वर्णांची धार ज्यांनी कळते त्या. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत राहिली तर ती त्या पेशींची तक्रार समजावी. एडिसनच्या मधल्या कानातला अडथळा आज बऱ्याचदा शस्त्रक्रियेने दूर करता येतो. आवाजाने मारलेल्या पेशींवर मात्र अजून इलाज नाही, आणि हाडातून ऐकवणारा हेडफोनही तिथे कामाचा नाही, कारण तोही शेवटी त्याच शंखात येतो. मोठ्या आवाजात लावला तर तोही तितकाच घातक.

सभोवतालचा गोंगाट कमी करणारा हेडफोन या दृष्टीने बरा, कारण एसटीत बसल्यावर इंजिनावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही. रस्त्यावर चालताना मात्र तो घालू नये.

बहिरेपणाबद्दल एडिसनने आयुष्यभर कुरकुर केली नाही. उलट निरर्थक गप्पांपासून आपण वाचलो आणि विचार करायला सवड मिळाली, असे तो सांगायचा. कान सुधारण्याची शस्त्रक्रिया सुचवणाऱ्यांना त्याने दाद दिली नाही. याहून गमतीची गोष्ट मिलर हचिसनची. या तरुणाने १९०० च्या आसपास विजेवर चालणारे पहिले श्रवणयंत्र बनवले, तेही एडिसनच्याच कोळशाच्या टिकलीच्या तत्त्वावर. मोटारीचा कर्कश क्लॅक्सन भोंगाही त्याचाच. लोकांना बहिरे करून त्यांना यंत्र विकायचा त्याचा बेत आहे, अशी थट्टा तेव्हा चालायची. हा हचिसन पुढे एडिसनचा मुख्य अभियंता झाला. म्हणजे श्रवणयंत्राचा शोधक रोज समोर असताना धनी दातांनी ऐकत होता.

घरचे लोक त्याची उणीव भरून काढायचे. दुसरी पत्नी मिना हिला त्याने तारेची भाषा शिकवली होती. लग्नाची मागणीही त्याने तिच्या तळहातावर टिचक्या देऊन घातली असे तो सांगायचा. नाटकाला गेल्यावर रंगमंचावर काय बोलले जात आहे ते ती त्याच्या गुडघ्यावर बोटांनी वाजवून कळवायची. श्रीमंत, जगप्रसिद्ध माणसाला बहिरेपण सोसवते, त्यात मजाही शोधता येते. इतरांसाठी लोक टिचक्या देत नाहीत, बोलणेच कमी करतात. म्हाताऱ्यांच्या बाबतीत हे घरोघरी दिसते. श्रवणयंत्र नको म्हणणारे आजोबा एडिसनचा दाखला देतील, तर त्यांना मिनाबद्दल विचारावे.

१९२५ मध्ये मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करण्याची विजेची पद्धत आली आणि पाहता पाहता सगळ्यांनी ती उचलली. ज्याने जगाला वीज पुरवली तो एडिसन मात्र जुन्या कर्ण्याला चिकटून राहिला. त्याच्या कंपनीत ती पद्धत १९२७ मध्ये आली. रेडिओ त्याला आवडत नव्हता, त्यातला आवाज विद्रूप वाटायचा. पण लोकांनी रेडिओच घेतला, आणि पहिल्या काही वर्षांत तो ऐकला हेडफोन लावूनच. नाथानिएल बाल्डविन या युटामधल्या माणसाने १९१० मध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर जुळवून अमेरिकी नौदलाला विकलेल्या हेडफोनची ती पुढची पिढी होती. एडिसनने शेवटी एका बाजूने चाळीस मिनिटे नव्हे, दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटे वाजणारी तबकडी काढून पाहिली, ती चालली नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये कंपनीने तबकड्यांचा धंदा बंद केला.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वेस्ट ऑरेंजच्या घरी एडिसनचा मृत्यू झाला. मधुमेहाने तो बरीच वर्षे पोखरला होता. त्याच्या नावावर अमेरिकेतली १,०९३ पेटंट होती. प्रयोगशाळा आणि घर आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जपले आहे, आणि त्याच्या दातांच्या खुणा उमटलेले लाकूडही जपून ठेवलेले आहे.